पैसे देऊन शत्रूला घालवणारा राजा 'महान' कसा? (आल्फ्रेड, व्हायकिंग आणि करपलेल्या भाकऱ्या)

रेडिंगची_राधा

मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, गोड मानून घ्या.

लेक इकडच्या चौथीत आहे. शाळेत सध्या अँग्लो-सॅक्सन आणि व्हायकिंग चालू आहेत, त्यामुळे घरभर पुठ्ठ्याच्या ढाली. मागच्या सोमवारी सुट्टी होती म्हणून विंचेस्टरला जाऊन आलो. तिथे आल्फ्रेड राजाचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे. तलवार पात्याला धरून उलटी उंचावलेली, म्हणजे लांबून क्रूस दिसतो. मी फोटोच्या नादात, आणि कन्या पायथ्याशी उभी राहून म्हणते, "आई, ह्यानं तर व्हायकिंगांना पैसे देऊन घालवलं. बाईंनी सांगितलं. मग हा ग्रेट कसा?"

मी "खूप चांगला राजा होता गं" असं काहीतरी पुटपुटले आणि विषय आइस्क्रीमकडे वळवला. आता पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला याच राजावर एक पान लिहायचंय. इंग्लंडच्या गादीवर इतके आले आणि गेले, पण 'महान' ही पदवी या एकालाच चिकटली म्हणे. का?

शंकासुर

मला ग्रँट रोडचं आल्फ्रेड टॉकीज आठवलं. चालू द्या, मी चहा टाकून येतो.

मुळाक्षर

राधाताई, आधी एक दुरुस्ती. 'महान' दोघांना म्हणतात, दुसरा कन्यूट. पण तो डेन्मार्कचा, म्हणजे व्हायकिंगांकडचाच, आणि त्यानं १०१६ मध्ये अख्खं इंग्लंड घेतलं. त्यामुळे आल्फ्रेडनं व्हायकिंगांना कायमचं हाकललं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

लेकीचा प्रश्न अगदी रास्त आहे. ८६५ मध्ये डेन लोकांची, म्हणजे व्हायकिंगांचीच, मोठी फौज पूर्व किनाऱ्यावर उतरली. आधीच्या टोळ्या लुटून परत जायच्या, ही राहायला आली होती. यॉर्क पडलं, ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला, मर्सियाच्या राज्यानं मान तुकवली. उरलं दक्षिणेतलं वेसेक्स, आल्फ्रेडच्या घराण्याचं राज्य. तुम्ही राहता त्या रेडिंगलाच, थेम्स आणि केनेटच्या बेचक्यात, ८७०-७१च्या हिवाळ्यात त्यांचा तळ होता. ८७१ हे एक वर्ष नुसत्या लढायांचं. ॲशडाउनला वेसेक्सवाले जिंकले. राजा एथेलरेड प्रार्थना संपेपर्यंत तंबूतून हलेना आणि त्याच्या धाकट्या भावानं, आल्फ्रेडनं, रानडुकरासारखी मुसंडी मारली, असं त्याचा चरित्रकार ॲसर सांगतो. बाकी बहुतेक ठिकाणी मारच खाल्ला. ईस्टरनंतर एथेलरेड वारला आणि बावीस-तेवीस वर्षांचा आल्फ्रेड गादीवर बसला. पाच भावांतला हा शेंडेफळ, एरवी गादी याच्यापर्यंत पोचायचीच नाही. महिन्याभरात विल्टनला हरला आणि मग तह.

त्या काळच्या इंग्रजी बखरीत (अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल) 'तह केला' एवढंच लिहिलंय, पैशाचा उल्लेख नाही. पण एवढी फौज आशीर्वाद घेऊन तर उठली नसणार. पाच वर्षं उसंत मिळाली. माझं मत विचाराल तर ती त्यानं धड वापरलीही नाही. कारण ८७८च्या जानेवारीत, नाताळचे बारा दिवस उरकतात न उरकतात तोच, डेनांचा राजा गुथ्रम यानं वेसेक्समधल्या चिपनमवर झडप घातली आणि राजा मूठभर माणसं घेऊन जंगलात पळाला. म्हणजे पैसेही गेले आणि राज्यही.

चहाटळ

थोडक्यात, हप्ते भरूनही घर जप्त.

शंकासुर

चहा झाला. अजून कुणी पुरंदरच्या तहाचं नाव काढलं नाही? तब्येती बऱ्या आहेत ना सगळ्यांच्या?

सॉमरसेटकर

मी २०१३-१४चा हिवाळा टॉन्टनला काढला. त्या वर्षी सॉमरसेटच्या सखल भागात पूर आला होता, बातम्यांत पाहिला असेल. मुचेल्नी गावाला पाण्यानं वेढा घातला होता, लोक होडीनं ये-जा करत होते. ते पाणी ओसरायच्या आत एका रविवारी मी आणि एक मित्र बरो मम्प नावाच्या टेकडीवर चढलो. वर एक मोडकं, बिनछपराचं चर्च आहे. खाली चारी बाजूंना पत्र्यासारखं करडं पाणी. रस्ता कुठून जातो ते कुंपणाच्या खुंटांवरून आणि विलोच्या रांगेवरून ओळखायचं. मित्रानं बोट दाखवलं, "ते ॲथेल्नी." दिसलं काय, तर पाण्यातून जरासा वर आलेला उंचवटा आणि त्यावर एक शेतघर.

ती दलदल आज चर खणून, पंप लावून कोरडी ठेवलेली आहे. नवव्या शतकात ती बाराही महिने अशीच असणार. पायवाट माहीत नसलेला माणूस गुडघ्यापर्यंत रुतणार. ८७८च्या ईस्टरला आल्फ्रेडनं तिथं गढी बांधली, आसपासच्या सॉमरसेटी लोकांना घेऊन छापे घालू लागला. ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात त्यानं 'एग्बर्टचा दगड' नावाच्या ठिकाणी सगळ्यांना बोलावलं. सॉमरसेट, विल्टशायर आणि हॅम्पशायरच्या काही भागातून माणसं आली. राजा जिवंत आहे हेच अनेकांना तिथं कळलं असेल. दोन दिवसांनी एडिंग्टनला लढाई, डेन पळाले, मग त्यांच्या किल्ल्याला चौदा दिवस वेढा.

पुढचं खरं मजेशीर. गुथ्रमला मारलं नाही, बाप्तिस्मा दिला. ॲथेल्नीजवळच्या ॲलरला तो तीस सरदार घेऊन आला आणि आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. नवं नाव ॲथेलस्टन. बारा दिवस पाहुणचार, नजराणे. कालपर्यंत ज्याच्या भीतीनं चिखलात लपला त्याला आज 'बाळा' म्हणायचं.

निशिगंधा_७

सुंदर लिहिलंय. पण त्या करपलेल्या केकचं काय? लहानपणी इंग्रजीच्या पुस्तकात धडा होता. राजा वेश बदलून गुराख्याच्या झोपडीत राहतो, बाई त्याला चुलीवर लक्ष ठेवायला सांगते, हा विचारात गढतो, केक करपतात आणि बाई त्याला फाडफाड बोलते. मला त्या बाईबद्दलच आदर होता.

मुळाक्षर

ते केक म्हणजे जाड भाकऱ्या समजा, वर आयसिंग नव्हतं. आणि गोष्ट ॲसरची नाही. ॲसरनं ८९३ मध्ये, राजा हयात असतानाच, चरित्र लिहिलं, त्यात हिचा पत्ता नाही. ती येते जवळजवळ शंभर वर्षांनी, संत निओटच्या चरित्रात. १५७४ मध्ये आर्चबिशप पार्करनं ॲसरचं पुस्तक छापलं तेव्हा ही गोष्ट मध्ये घुसडून दिली, आणि लोकांना वाटलं मूळचीच. भरीस भर म्हणून ॲसरची एकुलती एक जुनी हस्तलिखित प्रत १७३१च्या आगीत जळाली. भाकऱ्यांबरोबर पुस्तकही करपलं म्हणा.

शंकासुर

मुद्द्याचं बोलतो. हा ॲसर कोण? राजाच्या पदरचा वेल्श पाद्री. वर्षातले सहा महिने दरबारात राहायचा करार, बदल्यात दोन मठ, रेशमी झगा आणि एका धट्ट्याकट्ट्या माणसाला उचलवेल एवढा धूप. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. अशा माणसानं 'आमचे महाराज रानडुकरासारखे लढले' म्हटलं तर मी किती धरायचं? बखरही त्याच दरबाराच्या छायेतली.

पुरावा देतो. २०१५ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ नाण्यांचं घबाड सापडलं. काही नाण्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेत. ही नाणी दोन राजांच्या नावानं पाडलेली, एक आल्फ्रेड, दुसरा मर्सियाचा केओलवुल्फ. म्हणजे बरोबरीचे मित्र, चलनही एका छापाचं. आणि बखर या केओलवुल्फला काय म्हणते? 'राजाचा एक मूर्ख सरदार.' डेनांच्या हातातलं बाहुलं. पुढे मर्सियावर आल्फ्रेडची सत्ता आली आणि केओलवुल्फचं नाव पुसलं गेलं. जमिनीत पुरलेली नाणी तेवढी खोडता आली नाहीत.

मुळाक्षर

हे मान्य, आणि 'महान' ही पदवीसुद्धा सोळाव्या शतकातली. विंचेस्टरचा पुतळा १९०१चा. तेव्हा राणीच्या साम्राज्याला आरमार, शाळा, कायदा या सगळ्याचा एक आद्यपुरुष हवा होता. मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून सोहळा केला, आणि वर्षही चुकलं. तो वारला २६ ऑक्टोबर ८९९ रोजी.

चहाटळ

बरोबरे, इंग्रज आणि वक्तशीरपणा.

गणितमास्तर

तुम्ही सगळे लढाई आणि पुतळ्यात अडकलात. मला विचाराल तर या माणसाचं खरं काम एडिंग्टननंतर सुरू होतं, आणि ते कोष्टकात आहे.

त्यानं वेसेक्सभर तटबंदीची ठाणी उभारली, त्यांना 'बर' म्हणत. काही जुन्या रोमन तटांची डागडुजी, काही नवी मातीची. ठाण्यांची एक यादी टिकली आहे, ती त्याच्या मुलाच्या, एडवर्डच्या काळची. हिशेब असा: 'हाइड' म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. दर हाइडमागे एक माणूस. तटाच्या दर साडेसोळा फुटांना चार माणसं. आता विंचेस्टर घ्या. यादीत २४०० हाइड, म्हणजे २४०० माणसं, भागिले चार, ६०० तुकडे, गुणिले साडेसोळा. आलं ९९०० फूट. आणि विंचेस्टरचा रोमन तट प्रत्यक्ष मोजला तर एका टक्क्याच्या आत तेवढाच भरतो! नवव्या-दहाव्या शतकात कुणीतरी दोरी घेऊन तटावरून चाललंय आणि मग आसपासच्या गावांची जमीन मोजून माणसं नेमून दिलीत. सगळी ठाणी मिळून सुमारे सत्तावीस हजार माणसं होतात. मी अंदाजपत्रकं करण्यात आयुष्य घालवलंय. इतकं जुळणारं अंदाजपत्रक पाहिलं की हात जोडावेसे वाटतात.

शंकासुर

मास्तर, एक्झेटरचंही गणित करून दाखवा की.

गणितमास्तर

केलंय. ७३४ हाइड, म्हणजे साधारण तीन हजार फूट. तट त्याच्या दुपटीहून मोठा. तिथं जुळत नाही. झालं समाधान?

आणि प्रत्यक्षातही सगळं कोष्टकासारखं चाललं नाही हे मीच सांगतो. ८९२ मध्ये नवी फौज आली, बूलोनहून २५० जहाजं. केंटच्या बाजूला पहिलीच गढी त्यांना अर्धवट बांधलेली सापडली, आत मोजके शेतकरी. ॲसरही कुरकुरतो की लोक बांधकामाचे हुकूम टाळतात आणि शत्रू दारात आला की रडतात. फौजेचे दोन भाग केले होते, एक लढायला, एक घरी शेतावर. ८९३ मध्ये थॉर्नी बेटावर डेनांना कोंडलं होतं, तेवढ्यात वेढ्यातल्या तुकडीची पाळी संपली, शिधाही संपला. राजा दुसरी तुकडी घेऊन तिकडे निघालाय, आणि हे घराकडे!

चहाटळ

पुढच्या पाळीचा माणूस यायच्या आत कार्ड पंच करून निघून जाणारे आमच्याही प्लांटमध्ये आहेत. आता त्यांना ऐतिहासिक आधार मिळाला.

सॉमरसेटकर

आरमाराचंही तेच. ८९६ मध्ये स्वतःच्या डोक्यानं नवी जहाजं बांधून घेतली, डेनांच्या जवळजवळ दुप्पट लांब, साठ-साठ वल्ह्यांची. पहिल्याच चकमकीत ओहोटी लागली आणि सगळी गाळात बसली. दोन्ही बाजूंची माणसं उतरून चिखलातच लढली. भरती आली ती आधी डेनांच्या होड्यांखाली, ते वल्हवत निघून गेले आणि हे बघत बसले. मात्र त्यातल्या दोन होड्या ससेक्सच्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा त्यावरची माणसं विंचेस्टरला आणून राजानं फासावर दिली. नुसता भाकरी करपवणारा भोळा राजा डोक्यात असेल तर हेही लक्षात ठेवा.

तरी ८९६च्या उन्हाळ्यात ती फौज पांगली. वीस वर्षांपूर्वी एका झडपेत राज्य गेलं होतं, यावेळी चार वर्षं धडका मारूनही वेसेक्स पडलं नाही. मास्तरांच्या कोष्टकाला मी पूर्ण गुण देतो.

पेन्शनर_काका

मला या राजाची एकच गोष्ट ठाऊक आहे आणि ती मी कधी विसरणार नाही. ॲसर लिहितो की राजा निवाडे तपासायचा आणि चुकीचा दिसला की न्याय देणाऱ्या सरदाराला बोलावून सांगायचा, एकतर वाचायला शिक नाहीतर पद सोड. मग पिकल्या केसांचे सरदार धडे गिरवायला बसले. ज्यांना अगदीच जमेना त्यांनी मुलाला नाहीतर नोकराला रात्रंदिवस पुस्तक वाचून दाखवायला सांगायचं. आणि ते उसासे टाकायचे, आमच्या तरुणपणी हे का नाही शिकवलं म्हणून.

मी सरकारी कचेरीत होतो. निवृत्तीला सहा वर्षं राहिली असताना एमएस-सीआयटी पास झाल्याशिवाय वेतनवाढ नाही असा फतवा निघाला. माउस धरला की बाण पडद्याबाहेर जायचा. दहावीतला मुलगा मागे उभा राहून "बाबा, डबल क्लिक म्हणजे दोनदा, चारदा नाही" असं म्हणायचा. त्या सरदारांचे उसासे मला इथपर्यंत ऐकू येतात.

निशिगंधा_७

काका!! 😂 आणि राजा स्वतः तरी कुठे लहानपणी शिकला? लॅटिन वाचून भाषांतर करायला लागला ते ८८७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर.

मुळाक्षर

आता माझ्या आवडीचा भाग. पोप ग्रेगरीच्या पुस्तकाचं त्यानं इंग्रजी केलं, त्याला जोडलेलं पत्र वाचण्यासारखं आहे. म्हणतो, मी राज्यावर आलो तेव्हा थेम्सच्या दक्षिणेला लॅटिन समजणारा एकही माणूस मला आठवत नाही. मग ठरवलं की माणसाला जी पुस्तकं माहीत असायलाच हवीत ती आपल्या भाषेत आणायची. आपण भाषांतर कसं केलं तेही सांगतो: कधी शब्दाला शब्द, कधी अर्थाला अर्थ. ज्यानं कुणी आयुष्यात एक पान भाषांतर केलंय त्याला यापलीकडे काही सांगायची गरज नाही.

बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाच्या पुस्तकाचंही इंग्रजी झालं. त्यात मूळ लॅटिनमध्ये विचारलंय, फॅब्रिशियसची हाडं आज कुठे आहेत? रोमन सेनापती, सॅक्सन शेतकऱ्याला काय कळणार. पण नावात लॅटिनमधला 'फाबर', म्हणजे लोहार, दडलाय. तर इंग्रजीत झालं, 'वेलंड सोनाराची हाडं आज कुठे आहेत?' वेलंड हा त्यांच्या दंतकथांमधला कारागीर, पोराटोरांना माहीत असलेला. यातलं किती त्यानं स्वतः केलं आणि किती दरबारच्या पंडितांनी, यावर अभ्यासक भांडतात. भांडू देत. ज्याला 'वेलंड' सुचला तो भाषांतरकार अस्सल.

सॉमरसेटकर

आणि खुद्द आल्फ्रेडची हाडं कुठे आहेत? विंचेस्टरच्या ज्या मठात ती होती तो मोडला, त्या जागी १७८८ मध्ये तुरुंग बांधताना थडगी उकरली गेली. २०१३ मध्ये एका चर्चच्या बेनाव थडग्यातली हाडं तपासली, ती कित्येक शतकांनंतरची निघाली. मग म्युझियमच्या खोक्यात, १९९९च्या उत्खननातून आलेला, कटिहाडाचा एक तुकडा मिळाला. काळ ८९५ ते १०१७. आल्फ्रेड असेल, नाहीतर एडवर्ड. महान राजाची शिल्लक, खोक्यात एक तुकडा, तोही कदाचित मुलाचा.

वसईवाला

अवांतर, पण आपल्याकडचं. बखरीत ८८३च्या नोंदीत आहे की आल्फ्रेडनं सिगेहेल्म आणि ॲथेलस्टन या दोघांबरोबर रोमला दान पाठवलं, आणि पुढे 'इंडिया'त संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यू यांच्याकडेही. थॉमस म्हटलं की चेन्नईचं मैलापूर. बार्थोलोम्यूला काही अभ्यासक आपल्या कल्याणच्या बंदराशी जोडतात. आमच्याकडे वसईत ही चर्चा निघाली की जेवण थंड होतं.

शंकासुर

काही हस्तलिखितांत 'इंडिया'च्या जागी 'ज्यूडिया' आहे. एका अक्षराचा फरक. तुमचे दोघे जेरुसलेमवरूनच परतले असतील.

वसईवाला

असतील. पण बाराव्या शतकातला विल्यम ऑफ माम्सबरी म्हणतो की सिगेहेल्म रत्नं घेऊन परत आला. आणि मिरी तर त्याआधीच पोचली होती. बीड नावाचा विद्वान ७३५ मध्ये मरणशय्येवर होता तेव्हा त्याच्या पेटीत मिरी होती, ती त्यानं सहकाऱ्यांना वाटली. ती मलबारखेरीज कुठून येणार? वस्तू येत होत्या, मग माणूस का जाऊ नये? सिद्ध नाही करत, विचारतोय.

निशिगंधा_७

राधा, लेकीला एथेलफ्लेडबद्दल सांगितलंस का? आल्फ्रेडची थोरली मुलगी. लग्न मर्सियात झालं, नवऱ्यामागे तिनं मर्सिया चालवलं, बापासारखीच ठाणी बांधली, डर्बी डेनांकडून परत घेतलं. ९१८ मध्ये टॅमवर्थला वारली. तिचा भाचा ॲथेलस्टन (गुथ्रम नव्हे, खरा) ९२७ मध्ये सगळ्या इंग्लंडचा पहिला राजा. आल्फ्रेडच्या हातात अर्धंच होतं, उरलेल्या अर्ध्यावर गुथ्रमशी वाटणी झाली होती.

चहाटळ

डर्बीतला 'बी' डेनांचा, म्हणजे गाव. 'एग', 'स्काय', 'विंडो' त्यांचेच. 'हजबंड'सुद्धा. घरात घुसलेले ते शेवटपर्यंत निघाले नाहीत.

मुळाक्षर

राधाताई, मूळ प्रश्नावर येतो. पैसे देण्यात नामुष्की होती हा आपला समज. आल्फ्रेडची कायद्याची संहिता पाहा. रक्ताचा बदला रक्तानं होऊ नये म्हणून प्रत्येक इजेची किंमत ठरलेली. अंगठा तोडला तर ३० शिलिंग, तर्जनी १५, मधलं बोट १२, अनामिका १७, करंगळी ९. पैसे मोजून भांडण मिटवणं हाच त्या समाजाचा शहाणपणा होता. अर्थात, शेजाऱ्याची करंगळी आणि दारातली फौज यात फरक आहे, हेही तो सात वर्षांत शिकला.

रेडिंगची_राधा

सगळ्यांचे मनापासून आभार. पान लिहून झालं, काल शाळेत दिलं.

मी तटबंदी सांगितली, भाषांतर सांगितलं, एथेलफ्लेड तर दोनदा सांगितली. लेकीनं ऐकून घेतलं आणि मग मुळाक्षरांचा शेवटचा प्रतिसाद मला दोनदा वाचायला लावला. पानावर स्वतःचा डावा पंजा ठेवून पेन्सिलनं गिरवला आणि प्रत्येक बोटावर किंमत लिहिली. बेरीज ८३. अनामिका मधल्या बोटापेक्षा महाग का, तर "अंगठी घालायची असते ना, आई." (तिथल्या लोकांनीही त्या बोटाला 'सोनबोट' म्हटलं होतं, नंतर शोधलं.) खाली चार ओळी आहेत. त्यातली एक: 'हा राजा सगळ्याच गोष्टींचे पैसे द्यायला लावायचा, पण व्हायकिंगांनी एकाही बोटाचे दिले नाहीत.'

धाकट्या भावाचा हात सध्या रोज मोजला जातोय.

शंकासुर

अंगठा ३० शिलिंग? तेव्हा ठेंगा दाखवणं भलतंच महाग पडत असणार.